घर लांबलं, माणसं घटली

नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेनं एक ठराव केला. जे कर्मचारी आपल्या आईवडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापायची आणि ती थेट आईवडिलांच्या बँक खात्यात जमा करायची. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या. त्यांत सहा शिक्षक होते. डिसेंबरपासून सात जणांच्या पगारातून कपात सुरूही झाली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली आणि बहुतेकांनी ठरावाचं कौतुक केलं. कौतुकाचं कारण उघड होतं. ठरावामागचं निदान सगळ्यांच्या ओळखीचं होतं. एकत्र कुटुंबं मोडली, मुलं स्वतःपुरती पाहू लागली, संस्कार कमी पडले आणि म्हणून म्हाताऱ्यांचे हाल होतात, हे वाक्य आपण कीर्तनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात इतक्यांदा ऐकतो की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. या प्रकरणात ते तपासायचं आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांकडे नीट पाहिलं, तर कुटुंब मोडल्यापेक्षा त्याचा आकार बदलल्याचं जास्त दिसतं. पूर्वी आडवं, वडासारखं पसरलेलं घर आता शेवग्यासारखं उंच आणि सडपातळ झालं आहे. पिढ्या जास्त आणि प्रत्येक पिढीत माणसं कमी. या बदललेल्या घराचा सगळा भार मधल्या पिढीतल्या एका बाईवर येऊन थांबतो. म्हातारपणाचा प्रश्न म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, तो मुळात या कर्त्या बाईच्या दिवसातल्या तासांचा प्रश्न आहे.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती, लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्हीकडे साधारण चारांतली तीन माणसं खेड्यात राहत होती. त्या वर्षी महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं शंभरात सुमारे दहा होती. २०२१ साठीचा सरकारी अंदाज ११.७ टक्क्यांचा आहे आणि २०३१ साठीचा १५ टक्क्यांचा. केरळ याबाबतीत आपल्या बराच पुढे आहे. तिथं २०२१ लाच हे प्रमाण साडेसोळा टक्के धरलेलं आहे. आकड्यांपेक्षा त्यांचा वेग जास्त महत्त्वाचा. लोकसंख्याशास्त्रात पासष्टीपुढच्या लोकांचं प्रमाण सात टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर जायला किती काळ लागला, हे माप वापरतात. फ्रान्सला त्यासाठी ११५ वर्षं लागली, जपानला पाव शतक. फ्रान्सला या ११५ वर्षांत पेन्शन, दवाखाने, परिचारिका, घरी येऊन मदत करणाऱ्या बायका अशी सगळी व्यवस्था हळूहळू उभी करता आली. जपानला वेळ कमी मिळाला, पण तोवर तो श्रीमंत झाला होता. आपल्याकडे जपानचा वेग आहे आणि हातात मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीचं उत्पन्न.

मुलं कमी होण्याचा मराठवाड्यातला मार्गही वेगळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्रातल्या एका बाईला सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा १.७ वर आला. लोकसंख्या कायम राखायला २.१ लागतात. म्हणजे ती रेषा आपण केव्हाच ओलांडली. युरोपात किंवा कोरियात जननदर घसरला तो मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, उशिरा लग्न करू लागल्या म्हणून. आपल्याकडे लग्नाचं वय फारसं न हलताच मुलांची संख्या घटली. त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून जास्त होतं आणि परभणी व बीडमध्ये तर ते चाळीस टक्क्यांच्या वर होतं. मग मुलं कमी कशी झाली? ऑपरेशननं. राज्यातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा कायदा गावोगावी ठाऊक आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, बाविशीपर्यंत दोन लेकरं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा इथल्या बाईच्या आयुष्याचा रुळलेला क्रम झाला.

या क्रमाचा वृद्धत्वाशी संबंध काय, हे थोडा हिशेब मांडला की कळतं. आज चव्वेचाळीस वर्षांची असलेली बाई घेऊ. तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. नवरा पन्नाशीचा आहे, म्हणून सासू सत्तरीची आणि सासरे पंच्याहत्तरीच्या आसपासचे. तिची स्वतःची आई चौसष्टची, आणि आईची आई जिवंत असेल तर चौऱ्याऐंशीची. थोरली लेक बाविशीची, म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे आणि रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आहे. धाकटा मुलगा बारावीला किंवा आयटीआयला. या एका बाईच्या वर दोन पिढ्या आहेत आणि खाली दोन. एकाच पावसाळ्यात तिच्या घरात बाळंतीण असू शकते, सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन असू शकतं, माहेरी आई पडल्याचा फोन येऊ शकतो, आणि सोयाबीनची खुरपणी तर चुकतच नाही. जपानी किंवा युरोपीय बाईला आईबापांचं म्हातारपण सांभाळायची वेळ येते ती पन्नाशी-साठीत, आणि नातवंडं तिला उशिरा होतात. आपल्याकडे लवकर लग्नांमुळे पिढ्या एकमेकींच्या जवळ आल्या, माणसं जास्त जगू लागल्यामुळे त्या एकाच वेळी हयात राहू लागल्या आणि लेकरं कमी झाल्यामुळे काम वाटून घ्यायला जावा-नणंदा उरल्या नाहीत. तीन बदल निरनिराळ्या कारणांनी झाले, पण ते एकाच घरात आणि एकाच बाईच्या वाट्याला आले.

आता कुटुंब मोडल्याच्या तक्रारीकडे वळू. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीच्या पुढच्या लोकांत एकटं राहणारे सहा टक्क्यांच्या आतच निघाले. साधारण दोन तृतीयांश वृद्ध मुलांसोबत राहत होते. म्हणजे घराबाहेर काढलेला म्हातारा खरा असला तरी तो अपवाद आहे. बहुसंख्य वृद्ध घरातच आहेत आणि घरातलीच माणसं त्यांचं करतात. प्रश्न हा की ‘घरातली माणसं’ म्हणजे कोण. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, तर जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. वृद्धाची शुश्रूषा या मिनिटांच्या हिशेबात नीट मावतही नाही, कारण ती तुकड्या-तुकड्यांनी दिवसभर आणि रात्रभर चालते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबरेला आणि टाचांना जखमा होतात. लुगड्याची फडकी करून ती धुवायची, आणि उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असेल तर तीही जपून. भाकरी दुधात कुस्करून भरवायची. बीपीची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी, डोळ्यात थेंब तीनदा. रात्री उठून संडासापर्यंत धरून न्यायचं. या कामाला सुट्टी नाही आणि मजुरीही नाही. उलट खुरपणीचा बुडालेला रोज त्याच हिशेबात जातो. ही सेवा सासू-सुनेच्या नात्यातलं प्रेम किंवा दुरावा म्हणून मोजली जाते. ते श्रम आहेत हे फारसं कुणी बोलत नाही.

स्थलांतरानं हा भार आणखी तिरपा केला आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेताना मोजमाप माणसांचं होत नाही, कोयत्याचं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. म्हणजे म्हाताऱ्या सासूपाशी थांबायचं ठरवलं, तर घराची उचल निम्म्यावर येते. म्हणून सून जाते, आणि पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं व शाळकरी लेकरं एकमेकांना सांभाळतात. नांदेडच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडची माणसं निजामाबाद-हैदराबादकडे जातात, लातूरची पुण्याकडे. त्याच वेळी उलटा प्रवासही चालू असतो. १९८० नंतर नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे नीट आणि जेईईच्या तयारीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतली मुलं लातुरात खोली करून राहतात. खानावळ परवडत नाही म्हणून किंवा वयात आलेल्या मुलीपाशी कुणीतरी हवं म्हणून अनेक खोल्यांत आजी सोबत असते. पासष्टीची बाई परक्या शहरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन वर्षं सकाळचा डबा करते. म्हणून वृद्धांना निव्वळ भार समजणं चूक आहे. हात चालतात तोवर ते स्वतः कुणाचं तरी करतच असतात. ऊसतोडीच्या मोसमात गावात राहिलेल्या लेकरांच्या शाळा ज्या आज्यांच्या जिवावर चालतात, त्यांचा मोबदला कोणत्याही साखर कारखान्याच्या हिशेबात नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, की पूर्वीच्या एकत्र घरात असं होत नव्हतं. पूर्वी असं व्हायला फारशी म्हातारी माणसंच नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज महाराष्ट्रात ते बहात्तरच्या पुढे आहे. लहानपणीचे मृत्यू वगळून पाहिलं तरी ऐंशीच्या घरातलं, पाच-पाच वर्षं अंथरुणावर असलेलं माणूस हे जुन्या वाड्यातलं रोजचं दृश्य नव्हतं. शिवाय म्हाताऱ्याचा मान सातबाऱ्यावरच्या नावाशी बांधलेला होता. ज्याच्या नावावर जमीन त्याच्या ताटात तूप. भूमिहीन म्हाताऱ्याला तेव्हाही मरेपर्यंत राबावं लागे. जमिनीचं काय झालं तेही पाहिलं पाहिजे. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातलं सरासरी शेतीखातं ४.२८ हेक्टरांचं होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आलं. वाटणीपत्र करताना आईबापांसाठी एक हिस्सा बाजूला ठेवायचा, ही रीत पुरेशी जमीन असेल तेव्हाच पाळता येते. ती नसली की पाळी येते. आई दोन महिने थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे. ही पाळी क्रूर आहे हे खरं, पण तीसुद्धा दोन-तीन मुलगे असलेल्यांनाच मिळते. एकुलत्या मुलाच्या घरी पाळी कुणाबरोबर लावणार?

घरं वेगळी होण्यात माणसांच्या स्वभावाइतकाच बाहेरच्या घडामोडींचा हात असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं मेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. शहरी वसाहतीसारख्या सरळ रेषेतल्या गल्ल्या, प्रत्येक कुटुंबाला वेगळं घर. जुन्या माळवदाच्या वाड्यात दगडी भिंतीच्या आत चौक होता आणि भावाभावांच्या चुली एकाच अंगणात धुमसायच्या. थोरली सून शेतात गेली तरी धाकटीची सासूकडे नजर असायची. नव्या गावात घर भूकंपात टिकेल असं झालं, आणि त्यासाठी ते तसंच हवं होतं. पण अनेक ठिकाणी चौक गेला, आणि चौकाबरोबर न मागता मिळणारी ती नजरही गेली. संस्काराची कोणतीही घसरण न होता केवळ घराच्या आराखड्यामुळे एका सुनेचं काम दुप्पट झालं. नांदेड-लातूर शहरांतल्या वन बीएचके सदनिका किंवा पुण्यात चाकण-वाकडला भाड्यानं घेतलेली खोली हेच काम रोज करत असतात.

दुसरा आक्षेप कायद्याच्या बाजूनं येतो. कारणं काहीही असोत, जो सांभाळत नाही त्याला वठणीवर आणलं पाहिजे. ते योग्यच आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांपुढे साध्या अर्जानं दाद मागता येते, वकिलाची गरज नसते आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम ठरवता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन किंवा घर, अट मोडल्यास परतही घेता येतं. ज्या वृद्धांची खरोखर फसवणूक झाली आहे त्यांच्यासाठी हे हत्यार मोलाचं आहे आणि लातूर जिल्हा परिषदेच्या ठरावानं त्याला दातही दिले. पण पगारातून कपात करायला पगार लागतो. जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांकडे पगारपत्रक नाही. त्यांच्याकडे दोन एकर सोयाबीन आहे, रिक्षा आहे किंवा मुकादमाची उचल आहे. चार मुलगे असलेली आई एकाविरुद्ध तक्रार करू शकते. एकच मुलगा असलेली आई तक्रार करते तेव्हा स्वतःच्याच ताटाला लाथ मारते, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नाही. शिवाय कायदा पैसे मिळवून देतो, कूस बदलायला माणूस देत नाही. वठणीवर आलेला मुलगा तरी काय करणार? तो ते काम बायकोवर सोपवणार. तीस टक्के कापलेल्या पगारानं शेवटी त्याच चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कामाला लावलं जातं.

तिसरा आक्षेप असा की मराठवाडा अजून तरुण आहे. आधी शिक्षण, पाणी, रोजगार. म्हाताऱ्यांचं पुढे पाहू. आजची सत्तरीतली पिढी पाहिली की हा आक्षेप उलटा का पडतो ते कळतं. १९७०-८० च्या दशकांत या बायकांना चार-चार, पाच-पाच मुलं झाली. आजचे वृद्ध मुलाबाळांच्या बाबतीत श्रीमंत आहेत. इतकी लेकरं असूनही आज तारांबळ उडते. मग जिचं दोन लेकरांवर ऑपरेशन झालं, ती आजची चव्वेचाळीस वर्षांची बाई २०४६ मध्ये पासष्टीची होईल तेव्हा तिच्याकडे कोण असेल? तिच्या दोन लेकरांपैकी एक लेक सासरी असेल आणि मुलगा पुण्यात. त्यात मुलींची संख्या कमी झाल्याचा परिणाम आता दिसतो आहे. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे बीडमध्ये २०११ साली ८०७ मुली होत्या. त्या वर्षी सहा वर्षांच्या आत असलेली मुलं आता लग्नाच्या वयात पोचू लागली आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे आता प्रत्येक गावातलं दुखणं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून मोर्चा काढला तेव्हा हसू झालं. पण तिशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या मुलाच्या घरी आज आई भाकरी थापते, उद्या त्या आईला कोण भरवणार आणि परवा त्या मुलाला कोण, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०५० मध्ये साठीचे होणारे सगळे जण आज जन्मलेले आहेत. त्यांची मोजदाद करायला भविष्यवाणीची गरज नाही.

अलीकडे एक चौथी सूचना जोर धरते आहे. मुलं वाढवा. २०२४ मध्ये आंध्र आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी तशा अर्थाची वक्तव्यं केली आणि सरसंघचालकांनी नागपुरात तीन मुलांचा आग्रह धरला. ज्या पिढीला दोनच्या पुढे गेलात तर सरपंचपद जाईल असं सांगून ऑपरेशनला नेलं, तिच्या मुलींना आता तीनचं सांगायचं, यातली विसंगती बाजूला ठेवू. साधा हिशेब पाहू. आज जन्मलेलं मूल मिळवतं व्हायला बावीस-पंचवीस वर्षं लागतील. तोवर तेही सांभाळावं लागेल आणि म्हातारी माणसंही. दोन्ही कामं पुन्हा त्याच बाईकडे. दक्षिण कोरियानं जन्म वाढावेत म्हणून वर्षानुवर्षं प्रचंड पैसा ओतला आणि तरी २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर आला. कारण मूल वाढवण्याचं आणि वृद्धांना सांभाळण्याचं काम बाईच्या एकटीच्या माथ्यावर राहिलं, तर शिकलेली मुलगी त्या व्यवहारातून अंग काढून घेते. तेव्हा सेवेचं ओझं वाटून घेणं हाच जन्म वाढवण्याचाही मार्ग असेल, तर असेल.

वाटून घ्यायचं म्हणजे काय? पहिला वाटेकरी पैसा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्टीपुढच्या गरीब वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेसतराशेच्या आसपास. इतक्या कमी उत्पन्नात कोणतंच कुटुंब जगत नाही, म्हणून तहसीलमधला दाखला हा सोयीचा कागद ठरतो आणि ज्याची ओळख नाही तो बाहेर राहतो. केंद्राच्या पेन्शनमधला हिस्सा ऐंशीच्या आतल्यांसाठी २००७ पासून २०० रुपयांवरच थांबला आहे. ‘निराधारची पगार’ म्हणून गावात ओळखला जाणारा हा पैसा काढायला बँक मित्राकडे अंगठा द्यावा लागतो, आणि आयुष्यभर खुरपं धरलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. त्यात वर्षाला हयातीचा दाखला. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेनं एक गोष्ट दाखवून दिली. सरकारनं ठरवलं तर काही महिन्यांत कोट्यवधी बायकांच्या खात्यात पैसे जाऊ शकतात. पण तिची वयोमर्यादा पासष्टला संपते. ज्या दिवसापासून पैशाची गरज वाढते त्याच दिवशी बाई त्या योजनेतून बाहेर पडते आणि २१,००० च्या दाखल्याच्या रांगेत उभी राहते. पासष्टीनंतर उत्पन्नाचा दाखला न मागता पेन्शन, ही पहिली सुधारणा असली पाहिजे.

दुसरा वाटेकरी माणूस. केरळनं २००८ मध्ये परिहार सेवेचं धोरण आणलं आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी परिचारिकेनं जाण्याचं काम ग्रामपंचायतींकडे दिलं. जपाननं २००० पासून शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येक जण वर्गणी भरतो आणि गरज पडल्यावर मदतनीस घरी येतो. आपल्याकडे सांगाडा तयार आहे. आशा गावोगाव आहे, अंगणवाडी आहे, उपकेंद्र आहे. नाही ते वृद्धांसाठी ठरलेलं माणूस. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास आहेत. लेकरं कमी झालेल्या अशा गावांत शाळेची एक वर्गखोली दुपारपुरती वृद्धांसाठी उघडता येते. तिथं गरम जेवण, रक्तदाब-साखरेची तपासणी आणि घरच्या बाईला मिळालेले चार मोकळे तास. या चार तासांत ती खुरपणीला जाऊ शकते किंवा नुसती आडवी होऊ शकते. तिसरा वाटेकरी लेक. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, पण बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत टिकून आहे, आणि लेकीच्या घरी राहणं आईबापांना कमीपणाचं वाटतं. हक्क सोडायला लावायचा आणि जबाबदारीतून वगळायचं, या दोन गोष्टी एकाच रीतीच्या दोन बाजू आहेत. दोन लेकरांपैकी एक लेक असलेल्या घरांना ही रीत परवडणार नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा: एवढं सगळं परवडेल का? याचं उत्तर महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच एकदा दिलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदारानं दरमहा थोडे पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या मजुरानं पाझर तलावाची माती उपसायची. शहरी पैशानं ग्रामीण मजुराला काम देणारा हा व्यवहार त्या वेळी अनेकांना अव्यवहार्य वाटला होता, पण पुढे सगळ्या देशानं त्याचा धडा घेतला. या कराची कमाल मर्यादा घटनेनं वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. त्या काळातले अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुण्याच्या कारखान्यांना आणि कार्यालयांना जी तरुण माणसं मिळतात, त्यांच्या संगोपनाचा खर्च मुखेडच्या आणि औशाच्या घरांनी केलेला असतो. त्यांच्या आईबापांच्या म्हातारपणाचा काही वाटा त्या शहरांनी उचलणं हे उपकार म्हणून नको, येणं म्हणून हवं. ही मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागेल आणि तिला वेळ लागेल. म्हणूनच हा विषय २०४६ च्या खात्यात टाकून चालणार नाही. मुलं कमी होणार हे आपण जसं सरकारी कायद्यानं, शिबिरांनी आणि भिंतीवरच्या घोषणांनी ठरवून घडवून आणलं, तसंच कमी मुलांच्या घरात म्हातारपण कसं निघेल तेही ठरवून घडवावं लागेल. आतापर्यंत ते ठरवायचं काम कर्त्या बाईवर सोडून आपण मोकळे झालो, आणि तिच्या हातून काही निसटलं की त्याला संस्काराचा ऱ्हास म्हणत आलो.